विश्लेषण : फॉलोअर लाखभर, तरी काम का नाही? अभिनेत्याने स्वतःचे मार्केटिंग करायचे म्हणजे नेमके काय?

अभिनय करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या तरुणांना आज पहिला सल्ला मिळतो तो ‘स्वतःला प्रमोट कर’ असा. त्यापायी कोणी उसनवारी करून पोर्टफोलिओ काढून घेतो, कोणी दिवसाचे चार तास रील्सवर घालवतो. मात्र काम देणारी माणसे अभिनेत्याबद्दल जे जाणून घेऊ पाहतात, ते या दोन्हींतून क्वचितच कळते. मग काय लागते, पैसा कुठे वाया जातो, फॉलोअरचा आग्रह कितपत योग्य आणि या सगळ्यात उद्योगाची जबाबदारी काय, याचा हा वेध.

काम अभिनेत्यापर्यंत पोहोचते कसे?

मालिका, वेब मालिका किंवा चित्रपट ठरला की निर्मिती संस्था पात्रांची यादी कास्टिंग डायरेक्टरकडे देते. त्यात पात्राचे वय, दोन-चार ओळींचे वर्णन, भाषा आणि चित्रीकरणाच्या तारखा असतात. कास्टिंगचे सहायक आपल्याकडच्या नोंदींतून नावे काढतात, ओळखीच्या कोऑर्डिनेटरना कळवतात, व्हॉट्सॲप गटांवर निरोप टाकतात. आलेल्या ऑडिशनमधून मोजक्या निवडून दिग्दर्शक, निर्माता आणि वाहिनीच्या किंवा ओटीटी मंचाच्या क्रिएटिव्ह विभागाकडे जातात. मग शॉर्टलिस्ट, पुन्हा ऑडिशन, लूक टेस्ट, कधी मॉक शूट आणि शेवटी नाव ‘लॉक’. यातल्या कोणत्याही टप्प्यावर कारण न सांगता नाव गळू शकते.

हिंदीत ही व्यवस्था फार जुनी नाही. ‘बँडिट क्वीन’साठी (१९९४) तिग्मांशू धुलिया यांनी कलाकार निवडले तेव्हा कास्टिंग डायरेक्टर हे पद अपवादानेच दिसे. ‘गँग्ज ऑफ वासेपूर’नंतर (२०१२) मुकेश छाब्रा यांच्यासारखी नावे प्रेक्षकांनाही माहीत झाली. जगभरातही या कामाला उशिराच मान मिळाला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने कास्टिंगसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला तो २०२४ मध्ये. मुंबईत वर्सोव्याजवळचे आराम नगर हा या व्यवसायाचा पत्ता मानला जातो. दारोदार फिरून फोटो द्यायचा, दारातूनच ‘फिट’ की ‘अनफिट’ हे ऐकायचे आणि पुढचे दार गाठायचे, हा तिथला रिवाज. करोनाच्या टाळेबंदीनंतर त्यातला मोठा भाग मोबाइलवर चित्रित केलेल्या सेल्फ टेपकडे वळला. मराठीत मात्र आजही बरीच निवड दिग्दर्शक, त्याचे सहायक, लेखक आणि वाहिनीची माणसे यांच्या माहितीतून होते.

मग मार्केटिंग करायचे कोणापुढे?

इथेच पहिली गल्लत होते. साबण विकणाऱ्याला लाखो गिऱ्हाइके लागतात. काम मिळवू पाहणाऱ्या अभिनेत्याची गिऱ्हाइके त्या मानाने फारच थोडी असतात. तो ज्या भाषेत, ज्या वयोगटात आणि ज्या प्रकारच्या भूमिकांत बसतो, त्यांची निवड करणारी माणसे मोजायला बसले तर यादी एका वहीच्या दोन-तीन पानांत संपते. कास्टिंग डायरेक्टर, त्यांचे सहायक, सहायक दिग्दर्शक, नाटकांचे निर्माते, जाहिरातपट करणाऱ्या संस्था आणि काही कोऑर्डिनेटर, एवढाच हा बाजार. या लोकांना अभिनेता प्रसिद्ध आहे का, यापेक्षा तीन साध्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात. हा माणूस पात्रात बसेल का? कॅमेऱ्यापुढे किंवा मंचावर त्याला काम जमते का? आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, तयारीनिशी तो येईल का?

तिसरा प्रश्न सर्वांत कमी बोलला जातो आणि बऱ्याचदा तोच निर्णायक ठरतो. एका दिवसाचे चित्रीकरण थांबले तर होणारे नुकसान दिवसभराच्या भूमिकेसाठी आलेल्या कलाकाराच्या मानधनाच्या कित्येक पट असते. त्यामुळे ‘हा गडबड करणार नाही’ ही खात्री पटणे हेही मार्केटिंगच. ती रीलमधून पटत नाही. वेळेवर उचललेला फोन, खऱ्या तारखा आणि आधीच्या सेटवरच्या माणसाने सहायकाला दिलेला शब्द यांतून ती पटते. मोठे नाव नसूनही वर्षानुवर्षे काम करणारे कितीतरी चरित्र अभिनेते याच भरवशावर उभे आहेत.

यादी लहान असल्याचा एक फायदाही आहे. तिच्यातल्या प्रत्येकाचे काम पाहता येते. कोणती मालिका कोण कास्ट करते, कोणता निर्माता कशा प्रकारची नाटके काढतो, हे माहीत करून घेऊन पाठवलेला चार ओळींचा निरोप, सरसकट शंभर जणांना पाठवलेल्या ‘सर, काही काम असेल तर कळवा’ या निरोपापेक्षा उपयोगी ठरतो. नवे काम झाले, दिसण्यात बदल झाला किंवा नवी चित्रफीत तयार झाली की कळवावे. दररोजचा ‘गुड मॉर्निंग’ पाठवल्याने नंबर म्यूट होतो, एवढेच.

फोटो, परिचय आणि शोरील : काय हवे, किती हवे?

फोटोंचे पुस्तक छापून घेण्याचे दिवस मागे पडले आहेत. पुरेशा उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर काढलेले पाच-सहा फोटो बहुतेक कामांना पुरतात. चेहऱ्याचा एक, पूर्ण उंचीचा एक, दोन्ही बाजूंचे एकेक आणि एखाद-दुसरा वेगळ्या पेहरावातला. फोटोतला माणूस आणि दारात उभा राहणारा माणूस एकच दिसला पाहिजे. चेहऱ्यावरचे व्रण पुसून, रंग उजळवून काढलेला फोटो उलट अडचणीचा ठरतो, कारण निवडणाऱ्याला त्या चेहऱ्यावरून पात्र दिसत नाही. आणि समोर आलेला चेहरा वेगळा निघाला की विश्वास पहिल्याच भेटीत उडतो.

परिचयाच्या चित्रफितीत नाव, पडद्यावर दिसू शकणारे वय, उंची, राहण्याचे ठिकाण, येणाऱ्या भाषा आणि बोली, आजवरचे ठळक काम, समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहरा, एवढे मिनिटाभरात येते. पोहणे, घोडेस्वारी, दुचाकी चालवणे, वाद्य वाजवणे यांपैकी जे खरोखर येते तेच सांगावे. सेटवर घोडा आणून उभा केल्यावर खोटे उघडे पडते. शोरील दोन मिनिटांपेक्षा लांब नसावी आणि सर्वांत चांगला प्रसंग सुरुवातीलाच असावा. गाण्याच्या तुकड्यावर चालतानाची दृश्ये जोडण्यापेक्षा समोरच्या पात्राचे बोलणे ऐकतानाचा एक धड प्रसंग जास्त सांगून जातो. हे सगळे एका दुव्यावर ठेवले आणि त्याला परवानगी मागावी लागणार नाही याची खात्री केली, की जाहिरातीचे साहित्य तयार झाले. यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही.

सेल्फ टेपमध्ये कुठे चुकते?

फोन आडवा, उजेड समोरून, मागे रिकामी भिंत, आवाज स्वच्छ आणि समोरच्या पात्राची वाक्ये वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी जवळ पण बेताच्या आवाजात बोलणारा, ही तांत्रिक बाजू एकदा बसवली की रोज नव्याने शिकावी लागत नाही. सूचनेत मागितले असेल तसे फाइलला नाव द्यावे. ‘फायनल-नवी-२’ नावाची फाइल शेकडो फाइलींत हरवते. जाहिरातपटासाठी ऑडिशन असेल तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या उत्पादनाची जाहिरात आधी केली आहे का, हे खरे सांगावे. ते लपवून निवड झाली आणि नंतर उघडकीस आले, तर काम जाते आणि नावही.

मोठी चूक मात्र वेगळीच असते. निवडणाऱ्याला काय आवडेल याचा अंदाज बांधून त्याप्रमाणे नक्कल करणे. त्याच पात्रासाठी आलेल्या टेपपैकी बऱ्याच टेप एकसारख्या दिसतात, कारण सगळ्यांनी एकच लोकप्रिय नट डोळ्यांसमोर ठेवलेला असतो. प्रसंग नीट वाचून, त्या माणसाला नेमके काय हवे आहे हे ठरवून, साधेपणाने केलेली टेप त्यात वेगळी उठून दिसते. टेप पाठवल्यानंतर ती विसरून जाणे हाही शिस्तीचा भाग. नकाराचे कारण अनेकदा उंची, जोडीदार पात्राचे वय किंवा तारखा एवढेच असते. आणि ज्या पात्रासाठी नकार आला त्यासाठी दिलेली चांगली टेप सहायकाच्या संग्रहात राहते. सहा महिन्यांनी दुसऱ्याच पात्रासाठी फोन येतो, तो त्या टेपमुळे.

फॉलोअर किती हवेत?

आजकाल कास्टिंगच्या निरोपांत इन्स्टाग्रामचा दुवा मागितला जातो आणि काही वेळा फॉलोअरची किमान संख्याही लिहिलेली असते. हे फक्त आपल्याकडचे नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील सोफी टर्नर हिने २०१७ मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते की, एका भूमिकेसाठी तिच्यापेक्षा कितीतरी सरस अभिनेत्री स्पर्धेत होती, पण फॉलोअर तिच्याकडे जास्त असल्याने भूमिका तिला मिळाली. ज्या अभिनेत्रीला याचा फायदा झाला तिनेच हे उघडपणे सांगावे, यावरून प्रकार किती रुळला आहे ते कळते.

यामागचा निर्मात्याचा हिशेब सरळ आहे. प्रसिद्धीचा खर्च वाचावा. कलाकाराने आपल्या पानावर चार पोस्ट टाकल्या की तेवढी जाहिरात फुकट झाली. पण हिशेब अर्धवट आहे. रील फुकट पाहणारा माणूस तिकीट काढून नाटकाला येईल किंवा रोज रात्री मालिका लावून बसेल, याची हमी त्या आकड्यात नसते. आकडे विकत मिळतात हेही सर्वांना ठाऊक आहे. आणि मुख्य म्हणजे कच्चा नट घेतल्यावर सेटवर जे टेक वाढतात, संकलनात जी ओढाताण होते, तिचा खर्च या हिशेबात कुठेच धरलेला नसतो. मुख्य पात्रासाठी प्रसिद्ध चेहरा हवा, हे फार पूर्वीपासून चालत आले आहे. पण पोलीस हवालदार, शेजारची काकू, वकिलाचा कारकून यांच्यासाठीही फॉलोअर मोजणे म्हणजे कथेचा पायाच पोकळ करणे.

याचा अर्थ समाजमाध्यमे निरुपयोगी आहेत, असा नाही. प्राजक्ता कोळी, भुवन बाम हे यूट्यूबवरून वेब मालिकांत आले. मराठीत ‘भाडिपा’सारख्या वाहिनीने नाटकातल्या तरुण नटांना मोठा प्रेक्षक दिला. पण या उदाहरणांत आणि चेहऱ्याच्या रील्समध्ये फरक आहे. या मंडळींनी तिथे स्वतः काम केले, पात्रे लिहिली, प्रसंग उभे केले. लोकांनी फॉलो केले ते त्या कामाला. ज्याला लिहिण्याची आणि प्रसंग करून दाखवण्याची आवड आहे, त्याला मोबाइल हा स्वस्तातला रंगमंच आहे. ज्याला ती नाही, त्याने रोज ट्रेंडिंग गाण्यावर ओठ हलवून मिळवलेले फॉलोअर अभिनयाचे काम आणून देतीलच असे नाही. आणि त्या चार तासांत होऊ शकली असती ती तालीम मात्र कायमची बुडते. समाजमाध्यमावरचे पान नीटनेटके, खरे आणि कामाची साक्ष देणारे असावे, एवढी अपेक्षा पुरेशी आहे.

छोटी कामे करत राहणे ही जाहिरात आहे का?

नवाजुद्दीन सिद्दिकी ‘सरफरोश’मध्ये (१९९९) काही क्षणच दिसतो. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्येही (२००३) त्याची भूमिका तेवढीच. अनुराग कश्यप यांनी त्याला ‘ब्लॅक फ्रायडे’त घेतले, ‘देव डी’त पुन्हा बोलावले आणि मग ‘गँग्ज ऑफ वासेपूर’मध्ये मुख्य भूमिका दिली. एका दिग्दर्शकाने पाहिलेले काम पुढच्या कामाचे कारण ठरले. छाया कदम यांनी नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’, ‘सैराट’ आणि ‘झुंड’ या तिन्ही चित्रपटांत काम केले. २०२४ मध्ये ‘लापता लेडीज’ आणि कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवणारा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ यांमुळे त्यांचे नाव देशभर झाले, तेव्हा त्यांच्यामागे अनेक वर्षांचे काम उभे होते.

अशा उदाहरणांतून ‘चांगले काम करा, बाकी आपोआप होते’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे आहे. तेवढेच चांगले काम करूनही ज्यांना कोणी पाहिले नाही, त्यांची नावे कोणी सांगत नाही. म्हणून केलेले काम योग्य माणसांच्या नजरेस आणणे ही अभिनेत्याची जबाबदारी उरतेच. लघुपटातला प्रसंग मिळवून ठेवणे, प्रयोगाला बोलावणे, मालिकेत दोन दिवसांचे काम असले तरी त्याची दृश्ये वेळीच कापून घेणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी करावीच लागतात.

महाराष्ट्रातल्या कलाकारांना यासाठी एक जुना आणि भक्कम रस्ता आहे, तो म्हणजे नाटक. पुरुषोत्तम करंडक, राज्य नाट्य स्पर्धा, ‘लोकसत्ता लोकांकिका’ अशा स्पर्धांतून लेखक, दिग्दर्शक आणि नट पिढ्यान्पिढ्या पुढे आले. त्या प्रेक्षागृहात बसलेला लेखक उद्या मालिका लिहीत असतो आणि विंगेत प्रकाशयोजना करणारा परवा सहायक दिग्दर्शक होतो. आज ज्याला ‘नेटवर्किंग’ म्हणतात ते इथे तालमीच्या निमित्ताने, पैसे न देता होते. व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंट म्हणून दोन दिवसांत उभा राहिलेला नट निर्मात्याच्या कायम लक्षात राहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग करणारे प्रशांत दामले यांच्या नावावर तिकीट विकले जाते. त्या नावामागेही प्रेक्षकाला एकेका प्रयोगातून आलेला अनुभवच आहे.

प्रतिमा ठरवली तर नट साच्यात अडकत नाही का?

‘स्वतःचा टाइप ओळखा’ हा सल्ला अनेकांना अपमानास्पद वाटतो. पण सुरुवातीला निवडणाऱ्याला कुठल्या तरी कप्प्यात नाव ठेवावेच लागते. ‘कोणतीही भूमिका करू शकतो’ असे लिहिणाऱ्याचे नाव कोणत्याच कप्प्यात जात नाही. पंचविशीतली, वऱ्हाडी सहज बोलणारी, गावातली शिक्षिका किंवा नर्स म्हणून चटकन पटणारी अभिनेत्री असे स्पष्ट सांगितले की, तशी गरज पडली की तेच नाव आठवते. एकदा दार उघडले की साचा मोडण्याची संधी आतून मिळते.

यात बोलीचे महत्त्व विशेष. मुंबईत आल्यावर गावाकडची भाषा घासून पुसून टाकण्याची घाई अनेकांना होते. प्रमाणभाषा यायला हवी, पण बोली गमावणे हा तोटा आहे. कोल्हापूरच्या मातीतली ‘तुझ्यात जीव रंगला’, साताऱ्याकडची ‘लागिरं झालं जी’ अशा मालिकांनी आणि ‘सैराट’ने ती भाषा बोलणाऱ्या कलाकारांची गरज ठळक केली. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा कोकणी अस्खलित येणे हे परिचयात पहिल्या तीन ओळींत लिहिण्यासारखे आहे. ही गोष्ट कोणत्याही कार्यशाळेत विकत मिळत नाही.

काम देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर?

हा कलाकारांच्या मार्केटिंगचा सर्वांत काळा भाग. ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘कार्ड बनवावे लागेल’, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ काढा’, ‘निवड झाली आहे, कपड्यांची अनामत भरा’, असे निरोप छोट्या शहरांतल्या मुलांना आणि लहान मुलांच्या पालकांना सर्रास येतात. मोठ्या निर्मिती संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह वापरलेले असते. ओळखायची खूण एकच. कामात पैसा निर्मात्याकडून कलाकाराकडे येतो. कोऑर्डिनेटर किंवा एजंट आपला टक्का मिळालेल्या मानधनातून घेतो. काम मिळण्याआधी, काम मिळावे म्हणून पैसा उलट दिशेने जाऊ लागला की तो व्यवहार अभिनयाचा राहत नाही.

हॉलीवूडचे माहेर असलेल्या कॅलिफोर्नियात यासाठी २००९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. काम किंवा ऑडिशन मिळवून देण्यासाठी कलाकाराकडून आगाऊ शुल्क घेण्यावर त्याने बंदी आणली. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिटी ॲटर्नीने त्याच कायद्याखाली पाच कास्टिंग कार्यशाळांशी संबंधित २८ जणांवर आरोप ठेवले. शिकवण्याच्या नावाखाली कास्टिंगच्या माणसांपुढे ऑडिशन देण्याचे पैसे घेतले जात होते, असा तो आरोप होता. ‘कास्टिंग डायरेक्टरसोबत दोन तास’ छापाच्या कार्यशाळा आपल्याकडेही भरतात. त्यातून काही शिकायला मिळत असेल तर शिक्षण म्हणून जावे. ती कामाची पावती समजू नये.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसणे हेच फसवणाऱ्याचे भांडवल असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्याची तरतूद आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या मदतवाहिनीवर लगेच कळवावे. निरोप, पैसे पाठवल्याची नोंद आणि समोरच्याचा क्रमांक जपून ठेवावा.

‘भेटायला या’ म्हटले तर?

ओळखी वाढवण्याच्या सल्ल्याचा गैरफायदा सर्वाधिक मुलींच्या बाबतीत घेतला जातो. केरळमधील न्या. हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कामाच्या बदल्यात केल्या जाणाऱ्या लैंगिक मागण्यांची नोंद अधिकृत कागदावर आली. त्याआधी मार्च २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चित्रपटाच्या निर्मिती युनिटमध्येही अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक असल्याचा निर्णय दिला होता. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा देशभर लागू आहे.

ऑडिशन कार्यालयात, कामाच्या वेळेत आणि ठरलेल्या प्रसंगावर होते. हॉटेलची खोली, रात्रीची वेळ, ‘आधी आपली मैत्री होऊ दे’ अशी भाषा, प्रसंगात नसताना अंगप्रदर्शन करणाऱ्या फोटोंची मागणी, यांपैकी काहीही आले तर नकार देण्याने करिअर संपत नाही. पत्ता आणि बोलावणाऱ्याचे नाव घरी किंवा मैत्रिणीला कळवून जाणे, सोबत कोणी नेणे यात संकोच वाटण्याचे कारण नाही. सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसू देणारी जागा सहसा रीतसर असते. जिथे त्यालाच हरकत घेतली जाते, तिथे प्रश्न विचारायला हवेत.

या सगळ्याचा खर्च कोणी सोसायचा?

फोटो, कपडे, प्रवास, टेप चित्रित करण्याची सोय, मुंबईतले भाडे आणि आता समाजमाध्यमांवरची प्रसिद्धी, हे सारे कलाकाराच्या खिशातून जाते. काम मिळाल्यावरही मालिकांत मानधन ९० दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे जानेवारीत केलेल्या कामाच्या पैशांवर एप्रिलचे भाडे भरायचे. ज्याच्या घरी आधार आहे तो तग धरतो, बाकीचे परत जातात. पडद्यावर कोणत्या घरांतली, कोणत्या बोलीतली माणसे दिसणार, हे अशा रीतीने गुणवत्तेऐवजी टिकाव धरण्याच्या ऐपतीवर ठरू लागते.

म्हणूनच ‘मार्केटिंग शिका’ हा उपदेश एकतर्फी आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये ११८ दिवसांच्या संपानंतर कलाकारांच्या संघटनेने केलेल्या करारात सेल्फ टेपसाठी किती पाने मागता येतील आणि किमान किती वेळ द्यावा लागेल, यावर मर्यादा आल्या. आपल्याकडेही सिंटासारख्या संघटना, निर्माते आणि वाहिन्या यांना काही साध्या गोष्टी ठरवता येतील. टेपसाठी किमान दोन दिवस द्यावेत. पहिल्या फेरीत दोन-तीन पानांपेक्षा जास्त मागू नये. निरोपात मानधनाचा अंदाज आणि तारखा लिहाव्यात. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या कलाकाराला नकार असला तरी कळवावे. समाजमाध्यमांवर प्रसिद्धी करून घ्यायची असेल तर त्याचा वेगळा मोबदला करारात धरावा. आणि दिवसाच्या कामावर आलेल्याचे पैसे तरी तीन महिने अडवू नयेत. यातले काहीही अशक्य नाही आणि फार खर्चाचेही नाही.

तोवर अभिनेत्याने आपला वेळ आणि पैसा कुठे घालायचा, याचा क्रम मात्र स्वतः ठरवावा. आधी तालीम आणि काम. मग त्या कामाचा नीट ठेवलेला पुरावा. मग तो योग्य माणसांपर्यंत नियमित पोहोचवणे. घरभाड्यासाठी शिकवणी, डबिंग, अनुवाद किंवा दुसरी अर्धवेळ नोकरी करण्यात कमीपणा नाही, कारण हातात दोन महिन्यांचा खर्च असलेला माणूस चुकीच्या माणसाला नाही म्हणू शकतो. फॉलोअर या यादीत सर्वांत शेवटी येतात, आणि आले नाहीत तरी ही यादी अपुरी राहत नाही.